पगारी खिदमत : नागपाड्यातून निघालेला समाजकार्याचा पेशा

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी आठ-दहा दिवस पाहुण्यांची ये-जा असते. मी उर्दू हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवतो. मुले दहावीनंतर आमच्याकडून बाहेर पडतात, पण पुढे काय करायचे हे विचारायला दोन वर्षांनी परत येतात. यंदा एक मुलगी वडिलांना घेऊन आली. तिला बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी घ्यायची होती. वडील टेम्पो चालवतात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ विचारले, "सर, लोकांची खिदमत करायला डिग्री कशाला लागते? आणि खिदमत केली तर पगार कोण देणार?"

मी म्हणालो, "दोन दिवसांनी या. नीट सांगतो."

हा वेळ मी मागितला त्याला कारण होते. २०१० साली अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिलाही समाजकार्य शिकायचे होते. मी तेव्हा तिशीही न गाठलेला, नुकताच कायम झालेला शिक्षक. मी तिला म्हणालो, "बेटा, सेवा आयुष्यभर करता येते. आधी डीएड कर, नोकरी पक्की." तिने ऐकले. ती डीएड झाली आणि २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीच बंद झाली. आज ती घरी शिकवण्या घेते. माझ्या सल्ल्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. पण तिच्या घरावरून जाताना मी अजूनही चालण्याचा वेग वाढवतो.

म्हणून या वेळी तोंडाला येईल ते सांगायचे नाही, असे ठरवले. समाजकार्य हा पेशा आपल्याकडे कसा सुरू झाला, त्याला पगार कोणी आणि का द्यायला सुरुवात केली, हे शोधत गेलो. शोधता शोधता जिथे पोहोचलो ती जागा आपल्याच ओळखीची निघाली : मुंबईचा नागपाडा.

खिदमत आणि मेहनताना

आधी वडिलांच्या प्रश्नाकडे पाहू. खिदमत म्हणजे फुकट केलेले काम, ही समजूत आपल्या मोहल्ल्यांत घट्ट आहे. मय्यतीला धावून जाणारा, रेशन कार्डाचा फॉर्म भरून देणारा, दवाखान्यात रात्र काढणारा माणूस प्रत्येक गल्लीत असतो. तो पैसे घेत नाही. घेतले तर लोक नाव ठेवतील.

पण सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकात कोणाला द्यावी याचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्या पाठोपाठ तिसरे नाव जकातीच्या कामावर नेमलेल्या माणसांचे आहे. गोरगरिबांपर्यंत मदत नीट पोहोचवणे हे काम आहे आणि ते करणाऱ्याला त्याच निधीतून मेहनताना द्यावा, हे तिथे स्पष्ट आहे. मशिदीचा इमाम, मकतबचा मुअल्लिम पगार घेतो. मीही घेतो. मग समाजसेवकाने घेतला तर त्यात लाज कसली?

मुंबईत संघटित समाजसेवेची परंपराही जुनी आहे. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम काढली. १९११ साली ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग स्थापून गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये चालवली. कुलसुम सयानी यांनी प्रौढ शिक्षणाला आयुष्य दिले आणि 'रहबर' हे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत चालवले. ही सगळी मोठी कामे. मात्र ती स्वयंस्फूर्तीवर, वर्गणीवर आणि घरच्या भाकरीवर उभी होती. ज्याच्या घरात चूल दुसऱ्या कोणाच्या कमाईवर पेटते, तोच पूर्ण वेळ सेवा करू शकत होता. टेम्पोवाल्याच्या मुलीला त्यात जागा नव्हती.

ती जागा पुढे तयार झाली, आणि तिची सुरुवात नागपाड्यात झाली.

नागपाड्यातले शेजारघर

अमेरिकन मराठी मिशन हे नाव मराठी शिक्षकाला नवे नाही. १८४२ साली अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू करणारे हेच मिशन. १९२५ मध्ये या मिशनतर्फे क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा तरुण मुंबईत आला. तो शिकागोत शिकलेला होता. त्या शहरात जेन अॅडम्स यांनी १८८९ साली हल हाऊस सुरू केले होते. गरीब वस्तीत राहायचे, तिथल्या लोकांचे शेजारी व्हायचे आणि त्यांच्या गरजेतून काम उभे करायचे, ही त्यामागची कल्पना. त्याआधी १८८४ मध्ये लंडनला टॉयन्बी हॉल याच विचारातून निघाला होता.

मॅनशार्ट यांनी हाच प्रयोग नागपाड्यात केला. त्या काळचा नागपाडा म्हणजे मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, हिंदू अशी सरमिसळ. एका बाजूला भायखळ्याच्या गिरण्या, दुसऱ्या बाजूला कामाठीपुरा. दाटीवाटीच्या चाळी, क्षयरोग, कर्ज, दारू. या वस्तीत 'नागपाडा नेबरहूड हाऊस' उभे राहिले. वाचनालय, मुलांचे खेळ, दवाखाना, वर्ग, व्याख्याने असे तिथले काम होते. धर्मप्रचारासाठी आलेल्या मिशनच्या माणसाने वस्तीचे प्रश्न हाच मुख्य विषय केला.

काही वर्षांत मॅनशार्ट यांच्या लक्षात आले की चांगले मन पुरेसे नाही. कर्जबाजारी कुटुंबाला पैसे दिले तर ते आठ दिवसांत सावकाराकडे जातात. बापाने मारले म्हणून पळालेल्या पोराला परत घरी सोडले तर ते पुन्हा पळते. अशा वेळी काय करायचे हे शिकावे लागते, जसे डॉक्टरला किंवा शिक्षकाला शिकावे लागते. सर दोराबजी टाटा १९३२ मध्ये वारले, त्यांच्या नावाचा न्यास नुकताच उभा राहिला होता. मॅनशार्ट यांनी न्यासापुढे शिक्षणसंस्थेची योजना ठेवली आणि १९३६ साली 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. मॅनशार्ट पहिले संचालक. वर्ग भरले ते नागपाड्याच्या त्याच नेबरहूड हाऊसमध्ये.

भारतातली समाजकार्याची ही पहिली व्यावसायिक शिक्षणसंस्था. १९४४ मध्ये तिचे नाव 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज 'टिस' म्हटले की देवनारची झाडे आठवतात. तिचा पहिला वर्ग मुसलमानबहुल मोहल्ल्यात भरला होता, ही गोष्ट आपल्या मोहल्ल्यांतच कोणी सांगत नाही.

चार दिशांना चार खुर्च्या

शिकून बाहेर पडणाऱ्यांना नोकरी कोण देणार, हा प्रश्न १९३६ मध्येही होता. त्याचे उत्तर हळूहळू मिळत गेले. मला या इतिहासात एक क्रम दिसला. आधी कोणीतरी एखाद्या जागी उभे राहून काम करून दाखवतो. मग संस्थेला किंवा सरकारला ते गरजेचे वाटते. मग कायदा किंवा शासननिर्णय निघतो आणि तिथे एक खुर्ची मांडली जाते. पगार खुर्चीला मिळतो. म्हणून समाजकार्यातील करिअरचा इतिहास हा खरे तर या खुर्च्यांचा इतिहास आहे. आणि गंमत म्हणजे यातल्या बहुतेक खुर्च्या नागपाड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर मांडल्या गेल्या.

पहिली खुर्ची गिरणी-कारखान्यातली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४९ ने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. समाजकार्य शिकलेल्यांना मिळालेली ही सर्वांत भक्कम खुर्ची. पुढची दोन-तीन दशके अनेक पदवीधर या वाटेने गेले आणि त्यातूनच पुढे कार्मिक व्यवस्थापक, आजच्या भाषेत एचआर, झाले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा त्या आवारातल्या या खुर्च्याही गेल्या. पद मात्र कायद्यात टिकले. २०२० च्या नव्या कामगार संहितेत तर कामगारांची अट पाचशेवरून अडीचशेवर आणली आहे.

दुसरी खुर्ची जे. जे. रुग्णालयातली. १९४६ साली तिथे देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. आपल्यातल्या कोणी ना कोणी जे. जे.च्या व्हरांड्यात रात्र काढलेली असते. औषधाचा खर्च, राहण्याची सोय, ट्रस्टला अर्ज, बेवारस रुग्णाच्या घरच्यांचा शोध, ही कामे तिथे समाजसेवा अधीक्षकाच्या टेबलावर होतात. ज्याला आपण 'वो फॉर्मवाले साहब' म्हणतो, तो माणूस हे शिकून आलेला असतो.

तिसरी खुर्ची डोंगरीतली. १९२४ च्या मुंबई बाल अधिनियमानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या जागी मुलांचे रिमांड होम आले. 'डोंगरी को भेज दूँगा' ही मुंबईच्या पोरांना घातली जाणारी भीती तिथली. पण त्याच जागी परिविक्षा अधिकारी नावाचे पद रुजले. मुलाच्या घरी जायचे, शेजाऱ्यांशी बोलायचे, शाळेत चौकशी करायची आणि अहवाल लिहायचा. मुलाला कुठे ठेवायचे हे ठरवताना तो अहवाल समोर असतो. १९५८ च्या कायद्यात प्रौढ गुन्हेगारांसाठीही परिविक्षेची तरतूद आहे. आज २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष आहे, तिथे समाजसेवक, समुपदेशक, क्षेत्र कार्यकर्ता अशी पदे असतात. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबरही १९९६ मध्ये टिसच्याच एका प्रकल्पातून मुंबईत सुरू झाला आणि देशभर गेला.

चौथी खुर्ची पोलिसांच्या आवारातली. १९८४ साली टिसने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन आलेल्या बाईला तक्रार लिहिण्याआधी ऐकून घेणारे माणूस हवे, इतकी साधी ती गोष्ट. पुढे राज्य सरकारने ही योजना स्वीकारली आणि महाराष्ट्रभर असे कक्ष झाले. १९८४ मध्येच कुटुंब न्यायालय कायदा आला, त्यात समुपदेशकाची तरतूद आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण अधिकारी हे पद दिले. तलाकच्या प्रश्नावर आपण मुसलमानांनी टीव्हीवर कितीतरी वाद ऐकले. त्या बाईच्या समोर बसून तिची पोटगी, तिचे मूल, तिचे राहते घर याचा हिशेब करणारी माणसे मात्र या खुर्च्यांवर बसलेली असतात.

याशिवाय नव्वदच्या दशकात एचआयव्हीची साथ आली तेव्हा तपासणी केंद्रांवर समुपदेशकांची गरज पडली. नागपाड्याला लागून असलेल्या कामाठीपुऱ्यात तर ते काम समाजसंस्थांनी आधीच हातात घेतले होते. पुढे महापालिकांत समूह संघटक, 'उमेद' अभियानात प्रभाग समन्वयक अशी पदे आली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारावरील कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली, त्यातून आणखी एक वाट निघाली.

बीएसडब्ल्यूची खुर्ची कुठली?

आता कडू भाग. टेम्पोवाल्या वडिलांना हे लपवून सांगणे म्हणजे २०१० ची चूक पुन्हा करणे.

नागपाड्यातले ते पहिले विद्यालय पदवीधरांसाठी होते. म्हणजे या पेशाचे शिक्षण आपल्याकडे वरच्या मजल्यापासून सुरू झाले. बारावीनंतरची पदवी नंतर आली. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ मध्ये, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ मध्ये निघाली, विदर्भात आणि मराठवाड्यात समाजकार्य महाविद्यालये वाढली आणि ठिकठिकाणी बीएसडब्ल्यूचे वर्ग भरू लागले. पण वरच्या खुर्च्यांची पात्रता तोवर एमएसडब्ल्यूवर ठरून गेली होती. रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक, कुटुंब न्यायालयातला समुपदेशक, कारखान्यातला कल्याण अधिकारी यांच्या जाहिरातीत साधारणपणे पदव्युत्तर पदवीच मागतात.

बीएसडब्ल्यूवाल्याला मिळते ते पायवाटेवरचे काम. क्षेत्र कार्यकर्ता, बाल संरक्षण कक्षातले समाजसेवक, वस्तीपातळीवरचा संघटक, संस्थेतला प्रकल्प कार्यकर्ता. यातली पुष्कळ पदे कंत्राटी असतात. अकरा महिन्यांचा करार, मानधन कमी, आणि निधी संपला की घरी. शिवाय वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना परिषद आहे, तशी समाजकार्याला देशपातळीवर कायद्याने स्थापलेली परिषद नाही. म्हणून अनेक जाहिरातींत 'समाजकार्य किंवा कोणत्याही शाखेचा पदवीधर' असे लिहिलेले असते आणि शिकून आलेल्याच्या जागी ओळखीचा माणूस बसतो. "डिग्री कशाला लागते?" हा वडिलांचा प्रश्न म्हणजे अडाणीपणा नव्हता. सरकारनेच अजून त्याचे पूर्ण उत्तर दिलेले नाही.

तरीही बीएसडब्ल्यूत एक गोष्ट मिळते, ती साध्या बीएत मिळत नाही. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थ्याला वस्तीत, दवाखान्यात, शाळेत प्रत्यक्ष कामाला पाठवतात आणि त्याची नोंदवही तपासतात. तीन वर्षे असे केलेला मुलगा-मुलगी माणसाशी बोलायला घाबरत नाही. पुढे एमएसडब्ल्यू, कायदा, स्पर्धा परीक्षा यांपैकी काहीही केले तरी ती शिदोरी कामाला येते.

आपल्या मुलांकडे काय आहे?

इथे मी मराठीचा शिक्षक म्हणून बोलतो. जे. जे.च्या वॉर्डात बिहारहून आलेली आई, पोलीस कक्षात बसलेली भिवंडीची बाई, डोंगरीत आणलेले मालेगावचे पोर यांची भाषा आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना घरातूनच येते. बाई 'घर में ठीक नहीं' म्हणाली तर त्यात काय दडले आहे, हे त्यांना शब्दकोशात शोधावे लागत नाही. पण या पेशात ऐकलेले लिहावे लागते. गृहचौकशी अहवाल, सामाजिक तपासणी अहवाल, बैठकीचे इतिवृत्त, हे सगळे सरकारी कचेरीत मराठीत चालते. आणि नेमके तिथे आमची मुले मागे सरतात. मराठीचा पेपर म्हणजे पस्तीस मार्कांपुरती झेललेली पीडा, अशी त्यांची समजूत आहे, आणि त्यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे. निबंधात 'माझी आई' आणि 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहून घेतले, पण शेजारच्या घराची हकीकत अधिकाऱ्याला समजेल अशी लिहायला कधी शिकवले नाही.

एका भाषेत ऐकून दुसऱ्या भाषेत न्याय होईल असे लिहिणे, हे कौशल्य दुर्मीळ आहे. ते आमच्या मुलांच्या अर्धे हातात आहे. उरलेले अर्धे शाळेने द्यायचे आहे. यंदापासून नववीच्या वर्गात मी अहवाललेखन हा भाग पुस्तकापलीकडे जाऊन घेणार आहे.

दोन दिवसांनंतर

वडील ठरल्याप्रमाणे आले. मी त्यांना चार गोष्टी सांगितल्या. बीएसडब्ल्यूवर थांबायचे नाही, एमएसडब्ल्यूपर्यंत पाच वर्षे धरायची. कॉलेज अनुदानित आहे का आणि प्रत्यक्ष कामाला मुलांना कुठे पाठवतात, हे प्रवेशाआधी विचारायचे. शिष्यवृत्तीचे अर्ज पहिल्याच महिन्यात भरायचे. आणि मुलीने रोज एक पान मराठी लिहायचे, ते मी तपासून देईन.

त्यांनी विचारले, "पण नोकरी पक्की?"

मी म्हणालो, "नाही. पक्की म्हणून मी एकदा सांगितलं होतं, ते खोटं ठरलं. पण खुर्ची आहे, कायद्यात लिहिलेली आहे, आणि तिच्यावर बसायला आपल्याकडून फार कमी लोक जातात."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "नागपाडा तर मी रोज भाडं घेऊन जातो. ती इमारत कुठं आहे म्हणाले सर?"

मुलीचा प्रवेश झाला आहे. डीएडवालीच्या घरी मी अजून गेलेलो नाही. ती आता तिशी ओलांडून गेली. पण पदवीधर असेल तर एमएसडब्ल्यूचा दरवाजा तिलाही बंद नाही, कारण या शिक्षणाची सुरुवातच पदवीधरांसाठी झाली होती. हे तिला सांगायला हवे. या रविवारी जातो.